पार्श्वभूमी : पहिली निवड, बंदा रुपया की सुटे पैसे?

दर एप्रिलमध्ये, अमेरिकी फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयातल्या खेळाडूंमधून संघांनी फेरीफेरीने, पाळीपाळीने करायची निवड, तोंडावर आला की एकच वाद पेटतो. गेल्या मोसमात सपाटून मार खाल्लेल्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या निवडीचं करायचं काय? महाविद्यालयातून येणारा सर्वांत चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू, घ्यायचा, की निवड दुसऱ्या संघाला देऊन तिच्या बदल्यात चार-पाच निवडी पदरात पाडून घ्यायच्या? बंदा रुपया जपायचा की मोडायचा, असा हा पेच. तो आज ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले आहेत. पेच मात्र ड्राफ्टइतकाच जुना आहे.

पहिला ड्राफ्ट १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. त्यासाठी आग्रह धरणारा मालक स्वतः तळाच्या संघाचा होता. श्रीमंत संघ दरवर्षी चांगली पोरं पळवतात, म्हणून हरणाऱ्याला आधी निवडू द्या, असं त्याचं म्हणणं. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे वेगळं वाटेल, कारण इथे बोली नाही, पाळी आहे. फिलाडेल्फियाला पहिली पाळी मिळाली, पण निवडलेल्या खेळाडूशी पैशांवर जमेना. त्याचे हक्क शिकागोला दिले गेले, तिथेही जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. इतिहासातली पहिलीच ‘पहिली निवड’ अशी हातोहात फिरली. १९४७ ते १९५८ या काळात तर पहिली निवड चिठ्ठी टाकून ठरत असे. तळाच्या संघाचा तिच्यावर हक्कच नव्हता.

आजच्या वादाचं मूळ डॅलसमध्ये आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम हातचा गेलेला असताना, डॅलसने चेंडू घेऊन धावणारा आपला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटाला दिला आणि बदल्यात खेळाडू व निवडींचा ढीग घेतला. त्या वर्षी डॅलस सोळांपैकी एकच सामना जिंकला. पण त्या ढिगातून संघ उभा राहिला आणि १९९२ ते १९९५ या चार मोसमांत तीन अजिंक्यपदं आली. निवडींची उलाढाल इतकी वाढली की प्रत्येक वेळी घासाघीस करत बसणं परवडेना. मग १९९१ च्या सुमारास संघाच्या एका भागीदाराने एक तक्ता तयार केला. पहिल्या निवडीला ३,००० गुण, दुसरीला २,६००, दहावीला १,३००, सोळावीला १,०००, बत्तिसावीला ५९०. पहिलीच्या बदल्यात कुणी दहावी आणि सोळावी दोन्ही देऊ केल्या तरी ७०० गुण येणं राहतंच. तक्ता हळूहळू सगळ्या संघांच्या हाती गेला आणि त्याचे आकडे प्रमाण झाले.

इथून ‘मूल्य’ या शब्दाचा घोळ सुरू होतो. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण अर्धा वाद खरं तर या एका शब्दाचा आहे.

तक्त्यातले गुण म्हणजे बाजारभाव. आधीचे सौदे पाहून, लोक कशाला काय देतात याचा काढलेला अंदाज. निवडलेला खेळाडू पुढे किती चांगला निघेल याच्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. तरी ‘आम्ही ३,००० चं दिलं आणि ३,१०० चं घेतलं’ असं संघ छाती फुगवून सांगू लागले. २००५ च्या सुमारास दोन अर्थतज्ज्ञांनी मूल्याचा दुसरा अर्थ पुढे आणला. खेळाडू जेवढं देतो त्यातून त्याचा पगार वजा केला तर उरतं किती? त्यांच्या हिशेबात ही उरलेली रक्कम पहिल्या निवडीला सर्वांत जास्त नव्हती; ती दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या आसपास जास्त होती. मैदानातल्या एकाच जागेसाठी लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांत आधी घेतलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना ५२ टक्के दिसली. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. हरलेल्या संघाला मदत म्हणून दिलेली पहिली पाळी उलट त्याच्या गळ्यात धोंडा बांधत होती.

आणि त्या काळी ती खरोखरच धोंडा होती. ओकलंडने २००७ मध्ये पहिल्या क्रमांकाने क्वार्टरबॅक घेतला, त्याला जवळपास ६.८ कोटी डॉलरचा करार दिला आणि तीन मोसमांत त्याला घरी पाठवलं. २०१० च्या पहिल्या निवडीला सेंट लुईसने सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलर कबूल केले. त्यातले ५ कोटी हमीचे. एकही सामना न खेळलेल्या मुलाला! पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या करारात नवख्यांचे पगार निवडीच्या क्रमांकाला बांधले गेले. त्या वर्षीच्या पहिल्या निवडीला चार वर्षांचे मिळून २.२ कोटी मिळाले.

माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी घटना हीच. पगार क्रमांकावर ठरू लागला, जागेवर नाही. म्हणजे पहिल्या क्रमांकाने क्वार्टरबॅक घ्या किंवा त्याच्यासमोर उभं राहून त्याचं रक्षण करणाऱ्या फळीतला खेळाडू घ्या, देणं सारखंच. मुरलेला क्वार्टरबॅक बाजारात सर्वांत महाग, म्हणून स्वस्तात मिळालेला चांगला क्वार्टरबॅक म्हणजे सर्वांत मोठी बचत. अर्थतज्ज्ञांचा जुना निष्कर्ष एका करारामुळे बराचसा उलटला. मूल्याचा तिसरा अर्थ, जागेचं मूल्य, वरचढ ठरला आणि तळाचा प्रत्येक संघ क्वार्टरबॅकच्या मागे धावू लागला.

विकणाऱ्यांचीही गोष्ट साधी नाही. सेंट लुईसने २०१२ मध्ये दुसरी निवड वॉशिंग्टनला दिली आणि पहिल्या फेरीच्या तीन व दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये दोघे समोरासमोर आले, तेव्हा नाणेफेकीला सेंट लुईसचे सहा कर्णधार मैदानात चालत गेले. सहाही जण त्या सौद्यातून आलेले. सामना २४-० असा जिंकला. पण त्या सगळ्या वर्षांत हा संघ एकाही मोसमात हारींपेक्षा जास्त विजय मिळवू शकला नाही, आणि २०१६ मध्ये, लॉस एंजेलिसला गेल्यावर, त्यानेच स्वतःच्या निवडींची रास देऊन पहिली निवड विकत घेतली. क्वार्टरबॅकसाठी.

शार्लटच्या संघाचा २०२३ चा सौदा मला अजून पटत नाही. शिकागोकडून पहिली निवड घेताना त्यांनी दोन निवडी त्याच वर्षीच्या दिल्या, २०२४ ची पहिल्या फेरीची आणि २०२५ ची दुसऱ्या फेरीची दिली, आणि वर आपला सर्वांत चांगला रिसीव्हर दिला. नव्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा तो ज्याच्याकडे, तोच देऊन टाकला. त्या पोराला पहिल्या मोसमात चेंडू फेकण्याआधीच ६२ वेळा पाडलं गेलं, संघ २-१५ वर संपला आणि तळाला गेल्यामुळे आलेली २०२४ ची पहिली निवड आधीच शिकागोच्या खिशात होती.

क्वार्टरबॅकभोवतीचा संघ आधी बांधा, या म्हणण्याला उत्तर म्हणून सिनसिनाटीचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. तिथे २०२० च्या पहिल्या निवडीने घेतलेल्या क्वार्टरबॅकचा गुडघा पहिल्याच मोसमात गेला. पुढच्या वर्षी त्याच्या रक्षणासाठी फळीतला खेळाडू घ्या असा ओरडा असताना संघाने त्याचा महाविद्यालयातला जोडीदार रिसीव्हर घेतला आणि अंतिम सामना गाठला. पण त्या अंतिम सामन्यात क्वार्टरबॅकला सात वेळा पाडलं गेलं आणि सिनसिनाटी तीन गुणांनी हरलं. समोर लॉस एंजेलिसकडून खेळणारा क्वार्टरबॅकही पहिलीच निवड होता, २००९ ची. डेट्रॉइटमध्ये बारा मोसम काढून तो अखेर नीट बांधलेल्या संघात आला होता.

फळीकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे ह्यूस्टनने २००२ मध्येच दाखवलं होतं. नव्याने लीगमध्ये आलेल्या या संघाने पहिल्या निवडीने क्वार्टरबॅक घेतला. त्याची डावी बाजू सांभाळायला आणलेला अनुभवी खेळाडू खांद्याच्या दुखापतीमुळे ह्यूस्टनसाठी एकदाही मैदानात उतरला नाही. सोळा सामन्यांत पोराला ७६ वेळा जमिनीवर आपटलं गेलं. एका मोसमातला हा विक्रम अजून मोडलेला नाही. पाच वर्षांत त्याला २४९ वेळा पाडलं गेलं आणि मग संघाने त्याला सोडलं.

शिकागोने २०२४ मध्ये त्या आयत्या आलेल्या पहिल्या निवडीने क्वार्टरबॅकच घेतला. त्याला ६८ वेळा पाडलं गेलं. मोसम संपला आणि २०२५ च्या मार्चमध्ये, त्याच्यासमोरच्या फळीत मधल्या तिन्ही जागांवर शिकागोने बाहेरून तीन अनुभवी खेळाडू आणून उभे केले.