डीपीपर्यंतची वीज: मराठवाड्याची पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरण्यांना टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ पासून मिळू लागली. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि शेती मोटेवर चालत होती. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ आले आणि खेड्यांकडे तारा निघाल्या. परळीचा ३० मेगावॅटचा पहिला औष्णिक संच १९७१ चा, तर २१० मेगावॅटचे संच १९८० पासूनचे.

तरीही परळीशेजारच्या गावात अंधार का, हा प्रश्न जुनाच आहे. केंद्रातली वीज आधी २२० किंवा ४०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिन्यांवर चढून राज्याच्या जाळ्यात मिसळते. मग १३२, ३३, ११ केव्ही अशी उतरत फीडरवरून, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या वाहिनीवरून, गावच्या डीपीत म्हणजे रोहित्रात येते. केंद्राची चिमणी दारात असली म्हणून वीज आधी दारात येत नाही. याच जाळ्यामुळे फायदाही झाला: पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ मध्ये परळी केंद्र बंद पडले, तेव्हाही बाहेरून वीज येत राहिली.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासातला प्रादेशिक अनुशेष मांडला, त्यात ग्रामीण विद्युतीकरणही होते. पण खरे दुखणे शेवटच्या खांबावर आहे, असे मला ठामपणे वाटते. रब्बीत गहू, हरभरा आणि ऊस एकाच वेळी पाणी मागतात. लांबलचक ११ केव्ही लाईनवर सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दाब पडतो, मोटार जास्त करंट ओढते आणि तिच्यातली तारांची गुंडाळी (वाइंडिंग) जळते. कधी डीपीच जळतो. मग गावकरी वर्गणी काढून तो ट्रॅक्टरमधून तालुक्याला नेतात. दुसरा मिळेपर्यंत पीक करपते.

२००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. पुढे वीजगळती आणि बिलांची थकबाकी पाहून फीडरवर भारनियमन ठरू लागले. त्यात बिल भरणाराही भरडला गेला. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यावर घरचे दिवे सुधारले, शेतीला मात्र रात्रपाळी आली. साप-विंचवाच्या रानात बॅटरी घेऊन पिकाला पाण्याचे बारे देणे किती जिवावरचे आहे, हे ज्याच्या घरचा माणूस रात्री शेतात असतो त्यालाच कळते.

२०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज देण्याचे धोरण आहे. ते योग्यच आहे. मात्र उपकेंद्रापासून शेतापर्यंतची तार आणि डीपी बदलण्यासाठीही तितकाच निधी हवा.