पीटर स्नेल: आठशे मीटरसाठी पस्तीस किलोमीटर

आठशे मीटरची शर्यत अव्वल धावपटू पावणेदोन मिनिटांत संपवतो. तिच्या तयारीसाठी दर आठवड्याला डोंगरातल्या चढउतारांच्या रस्त्यावर एका दमात ३५ किलोमीटर धावावे, हा सल्ला १९६० च्या सुमारास बहुतेक प्रशिक्षकांना अनाठायी वाटला असता. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड मात्र आपल्या धावपटूंकडून हेच करून घेत. ओपुनाके या लहानशा गावात १९३८ मध्ये जन्मलेले पीटर स्नेल त्यांच्या हाताखाली आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावू लागले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरच्या तीन पात्रता फेऱ्या आणि अंतिम शर्यत अवघ्या तीन दिवसांत पार पडली. एकवीस वर्षांच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या स्नेल यांनी चौथ्या शर्यतीच्या अखेरच्या काही मीटरमध्ये विश्वविक्रमवीर रोजर मोएन्स यांना मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ते चक्क मॅरेथॉन धावले आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २७ जानेवारी १९६२ रोजी, वांगानुईच्या गवती मैदानावर त्यांनी ३ मिनिटे ५४.४ सेकंदांत एक मैल धावून विश्वविक्रम केला. आठवडाभरात क्राइस्टचर्चला, पुन्हा गवतावरच, आठशे मीटरचाही विक्रम झाला: १ मिनिट ४४.३ सेकंद. माझ्या मते ही कामगिरी त्यांच्या पदकांहूनही मोठी आहे, कारण गवतावर पाऊल रुतते आणि वेग मंदावतो.

हे घडले कसे, हा प्रश्न स्वतः स्नेल यांनाही पडला होता. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते अमेरिकेत जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले, व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९८१ पासून डॅलसमधील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात संशोधन केले. २०१९ मध्ये डॅलसमध्येच त्यांचे निधन झाले.

आपल्या स्नायूंत सावकाश आकुंचन पावणारे, चिवट तंतू असतात आणि झपाट्याने आकुंचन पावणारे, ताकदवान पण लवकर थकणारे तंतूही असतात. संथ धावताना शरीर आधी चिवट तंतूंना कामाला लावते. दोन तास धावल्यावर मात्र त्यांच्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत येतो आणि मग, वेग न वाढवताही, जलद तंतूंना ओझे उचलावे लागते. लांब धावण्याचा खरा लाभ या उत्तरार्धात आहे, असे स्नेल यांचे प्रतिपादन होते, कारण एरवी भरधाव वेगातच जागे होणारे हे तंतू तेव्हा ऑक्सिजन वापरायला शिकतात, म्हणजेच त्यांच्याभोवती केशवाहिन्या, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या, वाढतात आणि त्यांच्या आत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते.

आठशे मीटरमधील निम्म्याहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळते, हे आता मोजमापांतून स्पष्ट झाले आहे. हा वाटा जितका मोठा, तितका स्नायूंतली आम्लता वाढायला वेळ लागतो. १९६४ मध्ये टोकियोत आठशे आणि पंधराशे मीटरची दोन्ही सुवर्णपदके जिंकताना स्नेल यांनी शेवटच्या फेरीत जी मुसंडी मारली, तिच्यासाठी लागणारी ताकद त्यांच्या जलद तंतूंत तोवर शिल्लक होती.