मितुवेलीच्या आधी आणि नंतर: रवांडाच्या आरोग्यव्यवस्थेची पार्श्वभूमी

रवांडात रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोचवतात, ही बातमी २०१६ पासून अनेकांच्या वाचनात आली असेल. ड्रोनचा फोटो छान येतो. पण त्यामागची आरोग्यव्यवस्था आणि तिचा ‘मितुवेली’ हा सामुदायिक विमा उभा राहिला तो दवाखान्याच्या दारात घेतल्या जाणाऱ्या पैशांच्या प्रश्नातून.

१९९४ च्या वंशसंहारात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. डॉक्टर, परिचारिका मेल्या किंवा परागंदा झाल्या. पुढची दोन वर्षे मदतीच्या पैशावर उपचार मोफत मिळाले. १९९६ मध्ये शुल्क पुन्हा सुरू झाले आणि व्हायचे तेच झाले: १९९९ पर्यंत प्राथमिक केंद्रात येण्याचे प्रमाण माणशी चार वर्षांतून एकदा इतके घसरले. आजार कमी झाले नव्हते, लोक अंगावर काढत होते.

१९९९ मध्येच ब्युम्बा, कबगायी आणि कबुतारे या तीन आरोग्य जिल्ह्यांत सामुदायिक विम्याचा प्रयोग झाला. कुटुंबाने वर्षाला वर्गणी भरायची, आजारपणात थोडेसेच पैसे द्यायचे. फ्रेंच ‘म्युच्युएल’चे, म्हणजे परस्परमदतीच्या विम्याचे, लोकांनी ‘मितुवेली’ करून टाकले. योजना देशभर पसरली, २००८ मध्ये कायद्याने सक्तीची झाली.

गरिबाने वर्गणी कुठून भरायची, हा पेच मात्र होताच. सरसकट हजार फ्रँक शेतमजुरालाही आणि दुकानदारालाही. २०११ मध्ये तीन स्तर पडले: दोन, तीन आणि सात हजार. सर्वांत गरिबांची वर्गणी सरकार आणि देणगीदार भरू लागले. गरीब कोण, हे ठरवायला ‘उबुदेहे’ वर्गवारीचा आधार घेतला. उबुदेहे म्हणजे मुळात पावसाआधी सगळ्यांनी मिळून शेत खणणे. आपल्या इर्जिकीची सख्खी बहीणच. गावच बसून घरांची प्रतवारी करी, त्यामुळे भांडणेही गावातच होत.

दुसरा आधार गावानेच निवडलेल्या आरोग्यसेवकांचा. १९९५ पासून सुरू झालेली ही फळी पुढे सुमारे ४५ हजारांवर गेली. पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब यांवर ते गावातच औषध देतात. ठरावीक पगार नाही. आपल्या आशाताईंना ही कथा ओळखीची वाटेल.

या यशाला कडक हाताचीही बाजू आहे. २००६ पासून स्थानिक अधिकारी ‘इमिहिगो’ नावाचे कामगिरी-करार करू लागले आणि किती टक्के लोकांनी विमा घेतला हे त्यांत मोजले जाऊ लागले. आकडा गाठायचा म्हटल्यावर लोकांवर दबाव आलाच.

पाच वर्षांखालचे बालमृत्यू २००० च्या पाहणीत हजारी १९६ होते, २०१४-१५ मध्ये ५० झाले. त्याचे सगळे श्रेय विम्याला देता येणार नाही. मच्छरदाण्या, लसी आणि एचआयव्हीसाठी आलेला परदेशी निधी यांचाही वाटा मोठा. २०१९-२० च्या पाहणीत मात्र पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी एकाची उंची कुपोषणामुळे खुंटलेली आढळली. ते दुखणे मितुवेलीच्या कार्डात बसत नाही.