कुठलं पाणी आणि कसलं पाणी

देवगड स्टँडवर 'बिसलेरी द्या' म्हटलं की दुकानदार फ्रिजमधून हाताला लागेल ती बाटली काढून देतो. ती बिसलेरीचीच असते असं नाही, आणि गिऱ्हाईकही हरकत घेत नाही. परवा मिळालेल्या बाटलीवर बर्फाचे डोंगर होते, डोंगरातून निळाशार झरा वाहत होता. मागची बारीक अक्षरं वाचली तर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' आणि पत्ता एका एमआयडीसीचा. पाणी वाईट नव्हतं. फक्त चित्र एका जातीच्या पाण्याचं होतं आणि आत दुसऱ्या जातीचं.

झऱ्याच्या पाण्याची ओळख ते कुठून आलं यावरून ठरते, शुद्ध केलेल्या पाण्याची ओळख त्याचं काय केलं यावरून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ साली हे व्याख्येत बांधलं. भूगर्भातून आपोआप वर येणारं ते झऱ्याचं. मग ते उगमावर भरा किंवा त्याच थरात बोअर मारून. ऊर्ध्वपातन किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलणं) अशा प्रक्रियेतून काढलेलं ते शुद्ध केलेलं; मुळात ते नळाचं असलं तरी चालतं.

कोकणात हा फरक समजायला व्याख्या लागू नये. इथे पाण्याला नाव उगमाचंच: बावीचं, झऱ्याचं, व्हाळाचं, पाटाचं. मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर (पायाभरणी १६६४) चहूबाजूंनी खारं पाणी असताना तीन गोड्या विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. साडेतीनशे वर्षांपूर्वीची लेबलंच म्हणायची ही. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते जमिनीच्या पोटात खाऱ्यावर तरंगून राहू शकतं. उपसा बेताचा ठेवला तर गोडी टिकते, हाव धरली की मचूळ होतं. खाडीकाठच्या कितीतरी विहिरींनी हा धडा पंप बसवल्यावर घेतला.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावरच्या झऱ्याचं गणित वेगळं. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र, त्यामुळे पाणी सरळ खाली उतरतं. जांभ्याखाली चिकणमातीसारखा थर लागला की वाट अडते, पाणी आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला फुटतं. दगडाशी त्याची ओळख फार दिवसांची नसते, म्हणून त्यात क्षार कमी विरघळतात. पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. पण तीच सच्छिद्रता मुळावरही येते. जे पाणी चार महिन्यांत शिरलं ते पुढच्या चार-सहा महिन्यांत निघूनही जातं, म्हणून शिमग्यानंतर झऱ्याची धार करंगळीएवढी होते. आणि वरच्या वाडीतल्या संडासाच्या शोषखड्ड्यालाही खाली यायला तीच वाट मोकळी.

खोलवरून येणारं पाणीही आपल्याकडे आहे. उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, संगमेश्वरातलं आरवली-तुरळ ही गरम पाण्याची कुंडं. युरोपात अशाच औषधी झऱ्यांवरून बाटलीबंद पाण्याचा धंदा सुरू झाला: आधी लोक झऱ्यावर जाऊन राहायचे, मग झरा बाटलीतून त्यांच्या घरी जाऊ लागला. तिथली 'नॅचरल मिनरल वॉटर'ची कल्पना यातूनच आली. पाणी उगमाजवळच भरायचं, त्यातले क्षार बदलायचे नाहीत आणि घटक, प्रवाह, तापमान सगळं वर्षभर स्थिर असलं पाहिजे. या शेवटच्या अटीवर राजापूरची गंगा पहिल्याच फेरीत नापास. चौदा कुंडांतून ती साधारण तीन वर्षांनी प्रकटते, कधी लवकर, कधी उशिरा, आणि कुणाला न सांगता जाते.

मराठीत 'शुद्ध' या शब्दाला तर वेगळाच इतिहास आहे, आणि तोही कोकणातलाच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. सार्वजनिक तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ उजाडलं. जंतूंच्या हिशेबाने त्या दिवशी पाणी कशाने बाटलं, हे सांगायला प्रयोगशाळा नको. 'शुद्ध जल' असं छापलेली बाटली हातात आली की मला ते तळं आठवतं. निदान आताची शुद्धता मोजता येते, हे बरं.

सीलबंद पाणी म्हणून आपल्या गावांत आधी आला तो गोटी सोडा. त्यात विहिरीचं पाणी आणि भरलेला वायू, बाकी काही नाही. बिनवायूचं, साधं पाणी विकत घेण्याची सुरुवात झाली तीही उत्तर कोकणात, ठाण्यात. फेलिचे बिसलेरी हे मिलानचे व्यापारी. लोह आणि सिंकोना घातलेलं टॉनिक विकायचे आणि नोचेरा उंब्रा इथल्या झऱ्याचं पाणीही. १९२१ मध्ये ते वारले. त्यांचं नाव घेऊन १९६५ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखाना निघाला. पाणी काचेच्या बाटलीत, गिऱ्हाईक म्हणजे मुंबईतली मोठी हॉटेलं. पाणी विकत घेणार कोण, म्हणून बाकीचे हसले. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी हा व्यवसाय घेतला, सुमारे चार लाखांना असं सांगतात. नाव इटलीतल्या झरेवाल्याचं, पाणी ठाण्यात प्रक्रिया केलेलं: आजचा घोळ तिथूनच सुरू होतो. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, आणि सगळ्याच बाटलीबंद पाण्याला लोक 'मिनरल वॉटर' म्हणू लागले.

कायद्याने मात्र दोन खाती वेगळी ठेवली आहेत. आपल्याकडे झऱ्याच्या पाण्याला सगळ्यांत जवळचं मानक म्हणजे आयएस १३४२८, नैसर्गिक खनिज पाणी. त्यात टँकरने पाणी नेऊन दुसरीकडे भरणं बसत नाही. दुसरं आयएस १४५४३, पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर. इथे उगम कुठलाही चालतो: नदी, बोअर, नगरपालिकेचा नळ, अगदी समुद्रसुद्धा. गाळा, आरओमधून काढा, क्षार कमी पडले तर परत घाला, ओझोन किंवा अतिनील किरणांनी जंतू मारा. २००१ मध्ये दोन्हींना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली-मुंबईच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवले आणि मर्यादा कडक झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात शिक्क्याची सक्ती निघाली, पण पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत टाकलं.

आरओच्या पडद्यामागे एक भारतीय नाव आहे, श्रीनिवास सौरीराजन. त्यांनी आणि सिडनी लोब यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास व्यवहारात वापरण्याजोगा पडदा बनवला. खारं पाणी गोडं करण्यासाठी. हे शेवटचे चार शब्द विक्रेते विसरले.

आमच्या काकीच्या पडवीत एकदा असाच एक पोरगा फिल्टर विकायला आला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात काकीच्या बावीचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळ्या सोडून बटण दाबलं. बावीचं पाणी हळूहळू पिवळं, मग तपकिरी झालं, वर फेस आला. "बघा काकी, काय पिताय!" काकी म्हणाली, "झिला, ह्यां पाणी आमी जल्मापासून पितंव." भाचा तेव्हा बारावी सायन्सला. त्याने मशीनच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावलं आणि पुन्हा बटण दाबायला सांगितलं. थोड्याच वेळात तोही ग्लास चहासारखा. क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडी सळी गंजून पाण्यात उतरते. मळ पाण्याचा नव्हता, सळीचा होता. मग भाच्याने त्या पोराच्याच मीटरवर बावीचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) बघितला, तो पन्नासच्याही खाली. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतो. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे सोललेली केळी पुन्हा सोलायची. ५०० च्या खाली आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं; पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पण काकी जिंकली असंही नाही. टीडीएसच्या मीटरला जंतू दिसत नाहीत. त्या बावीत पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जातो, ते उगाच नाही. टीसीएलच्या वासाचं पाणी काकीला आवडत नाही, ती दोन दिवस झऱ्याचं भरते. न उकळता. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात तिच्या नातीच्या लग्नात मांडवात वीस लिटरचे थंडगार जार आले. टोपणाला सील नव्हतं. असं सुटं पाणी 'पॅकेज्ड'च्या व्याख्येतही बसत नाही. टेम्पोवाल्याला मी विचारलं, "पाणी खंयचां?"

"फिल्टरचां."

"तां खरां, पण खंयचां?"

त्याने मांडवामागे, आमच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला नवीन मारलेल्या बोअरकडे हात केला.