अळवावर पाणी का टिकत नाही?

परवा जांभळी नाक्यावरून वडीच्या अळूची जुडी आणली, काळ्या देठाची, आणि नळाखाली धरली तर नेहमीसारखेच पाण्याचे मोती होऊन टपटप सिंकमधे, पान कोरडं ठाक. लहानपणापासून बघत आलेय, पण हे का होतं ते युनिव्हर्सिटीच्या लॅबमधे आल्यावर नीट कळलं.

एक करून बघा. बादलीत अख्खं पान बुडवा आणि जरा तिरकं बघा, हिरवं दिसतच नाही, चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकतं! ती चमक पानाला धरून राहिलेल्या हवेची. पानावर मायक्रॉनमधे (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजायचे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावर परत मेणाचे नॅनोमीटरच्या मापातले कण (आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड, यावरून काय ते समजा), त्यामुळे थेंब नुसता टोकांवर टेकतो आणि मधल्या फटींत हवाच राहते. थेंबाची कड पानाशी किती कोन करते ते आम्ही मोजतो, १५० अंशांच्या वर गेला की सुपरहायड्रोफोबिक, म्हणजे पाण्याला जवळजवळ टेकूच न देणारं, म्हणायचं. नुसतं मेण फासून हे होत नाही हां, गुळगुळीत मेणावर गाडी ११० च्या आसपास अडते, खडबडीतपणा हवाच.

घरंगळताना थेंब धूळ पण घेऊन जातो, हे बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मधे दाखवलं, कमळावरून नाव पडलं लोटस इफेक्ट. पुढे २०१२ मधे जर्मनीतल्याच मॅक्स प्लँक संस्थेत मेणबत्तीच्या काजळीवर सिलिकाचा (वाळूत असतं तेच) थर चढवला, ६०० अंशांना तापवून काजळी जाळून टाकली, उरलं सिलिकाचं पारदर्शक जाळं, त्यावर फ्लोरिनवालं कोटिंग दिलं की पाणीच काय तेल पण घसरतं. काजळीचा असा साच्यासारखा वापर मला फार आवडतो.

आता तेच पान अंगठ्याने जोरात घासा आणि पाणी टाका. तिथे पसरेल, कारण मेण गेलं. कोवळं पान नवीन मेण तयार करतं, आम्ही लॅबमधे काचेवर असंच पाणी न टिकू देणारं कोटिंग करतो, तिला ते कुठून जमणार? आमच्या काचेवर पहिल्या दिवशी थेंब गोटीसारखा पळतो आणि चार वेळा फडक्याने पुसलं की तिथेच बसून राहतो, म्हणून सध्या आमचं अर्धं काम पुसून पुसून कोन मोजायचंच आहे.