भूमी-अभिलेख आणि मध्ययुगीन इंग्लिश वंशशोध

मध्ययुगीन इंग्लंडमधील घराण्यांची वंशावळ जमीनधारणेच्या व जमीनविषयक दाव्यांच्या जुन्या कागदपत्रांवरून जुळविण्याची अभ्यासपद्धती. पॅरिशच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची सक्ती टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने 1538 मध्ये झाली. त्यापूर्वीच्या साडेचार शतकांत अशी सार्वत्रिक व्यवस्था नव्हती. जमिनीवर मात्र राजाचे सतत लक्ष असे, कारण लष्करी सेवा, वारसाकडून घ्यावयाची रक्कम, अज्ञान वारसाचे पालकत्व व त्याच्या विवाहाचा हक्क ही सारी प्राप्ती जमिनीशी बांधलेली होती. म्हणून धारक कोण, तो केव्हा मेला व वारस कोण, हे प्रश्न राजाचे अधिकारी वारंवार विचारीत. ही माहिती महसुलापुरती असल्याने तीत वारस ठळक दिसतो. वारस न ठरलेली भावंडे, धाकट्या शाखा व पुष्कळदा आईचे माहेर वगळलेले असते.

डूम्सडे बुक व त्यानंतरची पोकळी. 1085 च्या नाताळात ग्लॉस्टर येथे पहिल्या विल्यमने राज्यातील जमिनींच्या पाहणीचा निर्णय घेतला व 1086 मध्ये ती झाली. 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या एडवर्ड राजाच्या काळी जमीन कोणाकडे होती व आता कोणाकडे आहे, असे दोन्ही काळांतील धारक या पाहणीच्या ग्रंथात, म्हणजे डूम्सडे बुकात, दिलेले असल्याने वंशशोधाचा आरंभ बहुधा येथून केला जातो. तथापि तेथील बहुतेक उपधारक नुसते ‘राल्फ’, ‘विल्यम’, ‘रॉबर्ट’ असे येतात. एकाच सरदाराच्या दोन गावांतील दोन राल्फ एकच की वेगळे, हे त्या मजकुरावरून क्वचितच ठरते.

यानंतरचा मोठा टप्पा 1166 चा. त्या वर्षी दुसऱ्या हेन्रीने थेट राजाकडून जमीन धारण करणाऱ्या सरदारांकडून लेखी विवरणे मागविली. पहिल्या हेन्रीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1135 पर्यंत, कोणाकोणाला नाइटच्या सेवेच्या अटीवर जमीन दिली होती आणि त्यानंतर कोणाला दिली, हे त्यांत नावानिशी आहे. ही विवरणे राजकोषाच्या संकलनग्रंथांत, विशेषतः ‘रेड बुक’मध्ये, टिकून आहेत. 1086 ते 1166 ही ऐंशी वर्षे म्हणजे साधारण तीन पिढ्या. त्या भरून काढण्यास 1129–30 चा एकुलता एक पाइप रोल (शेरिफांच्या, म्हणजे परगण्यांतील राजाच्या अधिकाऱ्यांच्या, हिशेबांची गुंडाळी, सलग मालिका 1155–56 पासून), लिंकनशरच्या लिंड्‌सी भागाची सुमारे 1115–18 ची पाहणी अशी थोडी सरकारी साधने व मठांना दिलेली दानपत्रे एवढेच हाती लागते. बनावट वंशावळींतील बहुतेक कल्पित पूर्वज याच पोकळीत बसविलेले आढळतात.

बर्कली घराण्याचा मूळपुरुष. पद्धतीचे बळ व मर्यादा दोन्ही दाखविणारे उदाहरण म्हणून ग्लॉस्टरशरमधील बर्कली घराण्याचा उल्लेख नेहमी होतो. ब्रिस्टलचा धनाढ्य नागरिक रॉबर्ट फिट्‌झहार्डिंग (म्हणजे हार्डिंगचा मुलगा रॉबर्ट) याला सुमारे 1153–54 मध्ये हेन्रीने (नंतरचा दुसरा हेन्री) बर्कलीची जहागीर दिली. तत्पूर्वी ती दुसऱ्याच घराण्याकडे होती व त्या घराण्यातील पुरुषही ‘बर्कलीचा रॉजर’ असेच म्हणवीत. तंटा मिटविण्यासाठी दुहेरी सोयरीक ठरली : रॉबर्टचा मुलगा मॉरिस याला रॉजरची मुलगी व रॉजरच्या मुलाला रॉबर्टची मुलगी. जुने घराणे डर्सलीत राहिले व काही काळ ‘बर्कली’ हे नाव लावीत राहिले. तेव्हा बाराव्या शतकातील एखादा ‘बर्कली’ कोणत्या वंशातला, हे आडनावावरून ठरत नाही. त्याच्याकडील मॅनर (धन्याची जमीनजहागीर) पुढे कोणाकडे गेले, हे पाहावे लागते.

खरा वाद रॉबर्टचा बाप हार्डिंग याच्याविषयी आहे. ब्रिस्टलच्या सेंट ऑगस्टीन मठाचा मठाधिपती जॉन न्यूलंड याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या वंशपत्रात हार्डिंग हा डेन्मार्कच्या राजाचा मुलगा म्हटला आहे. हा मठ रॉबर्टनेच स्थापिलेला असल्याने संस्थापकाच्या कुळाला राजरक्त चिकटविण्याचा मोह समजण्याजोगा आहे. बर्कलींचा कारभारी जॉन स्मिथ (1567–1641) याने गढीतील शेकडो मूळ सनदा वाचल्या होत्या व इतर बाबतींत तो बराच काटेकोर आहे; पण डेन्मार्कची कथा त्यानेही उचलून धरली. आज ती कोणी मानीत नाही.

दुसरे मत असे, की हा हार्डिंग म्हणजे एडवर्ड राजाच्या दरबारातील अधिकारी एडनॉथ याचा मुलगा. एडनॉथ 1068 मध्ये नॉर्मनांकडून हरलेल्या हॅरल्ड राजाच्या मुलांनी सॉमरसेटवर केलेल्या स्वारीत मारला गेला. माम्झबरीचा विल्यम हा इतिवृत्तकार सुमारे 1125 मध्ये लिहिताना, एडनॉथचा मुलगा हार्डिंग अजून हयात असून शस्त्रांपेक्षा वादात जीभ परजण्यात तो अधिक तरबेज आहे, असे सांगतो. मात्र ब्रिस्टलचा हार्डिंग तो हाच, असे स्पष्टपणे म्हणणारा निर्विवाद समकालीन कागद नाही. शिवाय बापाच्या जमिनीही मुलाकडे आलेल्या दिसत नाहीत : सॉमरसेटमधील एडनॉथची मॅनरे 1086 मध्ये चेस्टरचा अर्ल ह्यू याच्याकडे आहेत. जमीन बापाकडून मुलाकडे गेल्याचा नेहमीचा पुरावा येथे पहिल्याच पिढीत तुटतो.

तो सांधला जातो भावाच्या बाजूने. डूम्सडे बुकात एडनॉथपुत्र हार्डिंगकडे सॉमरसेटमधील मेरियट व इतर काही जमिनी आहेत. 1166 मध्ये त्याच परगण्यात निकोलस फिट्‌झहार्डिंग विवरण देतो व मेरियट पुढे त्याच्या वंशजांकडे राहून त्यांचे आडनावच होते. निकोलस हा रॉबर्टचा भाऊ मानला जातो. तसे असेल, तर मेरियटचा हार्डिंग हाच रॉबर्टचाही बाप ठरतो. कालगणनाही जुळते : 1086 मध्ये तरुण असलेला बाप व सुमारे 1170 मध्ये वार्धक्याने मेलेला मुलगा अशक्य नाहीत. साखळीतील एक कडी अनुमानाची असली, तरी बहुतेक अलीकडील अभ्यासक या मताकडे झुकतात व ते ग्राह्य वाटते. नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्लिश पुरुषापर्यंत पोहोचणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बर्कलींच्या जोडीला वॉरिकशरच्या आर्डन घराण्याचे नाव घेतले जाते. त्यांचा पूर्वज टर्चिल याच्या बऱ्याचशा जमिनी वॉरिकच्या अर्लकडे गेल्या व वंशज त्यांतल्याच काहींवर अर्लचे उपधारक म्हणून राहिले. (शेक्सपिअरची आई आर्डन होती, तिचा या मुख्य शाखेशी संबंध सिद्ध झालेला नाही.)

दानपत्रांचे कालनिर्धारण. बाराव्या-तेराव्या शतकांतील खाजगी दानपत्रांवर बहुधा तारीख नसते. साक्षीदारांची यादी, मुद्रा, लिपी व वाक्प्रयोग यांवरून काळ ठरवावा लागतो. एखादा बिशप किंवा शेरिफ साक्षीदार असेल, तर त्याच्या अधिकारकाळाने वरची व खालची मर्यादा मिळते. दानपत्रांतील ‘माझ्या बापाच्या, आईच्या व पत्नीच्या आत्म्याच्या शांतीसाठी’ यासारखी वाक्ये वंशशोधकाला सर्वांत मोलाची, कारण त्यांत वारसाखेरीज इतर नाती येतात. तारखा असल्या तरी त्या बहुधा राजाच्या राज्यवर्षात असतात. शिवाय इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वर्ष 25 मार्चला सुरू होण्याची पद्धत रुळली. रॉबर्ट फिट्‌झहार्डिंगच्या मृत्यूचे वर्ष कोठे 1170, तर कोठे 1171 असे आढळते, ते बहुधा याच घोळामुळे. मठांच्या संकलनग्रंथांत मूळ सनदांच्या नकला आहेत आणि नकलाकार साक्षीदारांची नावे गाळीत. मठाचा हक्क बळकट करण्यासाठी रचलेली बनावट दानपत्रेही त्यांत मिसळलेली आहेत.

दावे व तडजोडी. 1176 पासून बाप, आई, भाऊ, बहीण, काका-मामा किंवा आत्या-मावशी यांच्या मृत्यूनंतर वारसाला जमीन नाकारली गेल्यास ज्यूरीकडून चौकशी होऊ लागली. याहून दूरच्या पूर्वजावर आधारलेल्या दाव्यात वादीला आपली वंशपरंपरा न्यायालयात पिढीवार सांगावी लागे : अमुक राजाच्या काळी अमुक ताब्यात होता, त्याच्यापासून हक्क त्याच्या मुलाकडे आला, तो निःसंतान मेल्याने भावाकडे गेला, इत्यादी. पूर्वजाचा ताबा किती मागे नेता येईल याची मर्यादा 1236 मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या राज्यारोहणापर्यंत (1154) व 1275 मध्ये पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणापर्यंत (1189) आणली गेली. या वंशकथनांना दस्तऐवजी वजन आहे, कारण एक पिढी चुकली तरी दावा फेटाळला जाण्याचा धोका असे व प्रतिपक्ष चूक शोधण्यास टपलेला असे. संगनमताच्या दाव्यांत मात्र हा अंकुश नव्हता.

न्यायालयातील तडजोडीचा लेख एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी कापीत. दोन प्रती पक्षकारांना मिळत व तळाची राजकोषात राही. जुलै 1195 पासून पद्धतशीर जपलेल्या या तळाच्या प्रती (फीट ऑफ फाइन्स) 1830 च्या दशकापर्यंत जवळजवळ सलग आहेत. कालांतराने यांतील बहुतेक ‘तंटे’ केवळ नावापुरते व प्रत्यक्षात खरेदी किंवा कौटुंबिक व्यवस्था असत. पती-पत्नी दोघे मिळून जमीन सोडून देत असतील, तर ती पत्नीच्या माहेरची असण्याचा संभव मोठा. आईच्या वंशाचा माग लावण्यास याहून चांगले साधन क्वचितच सापडते.

मरणोत्तर चौकशी. राजाचा थेट धारक मेला, की एस्चीटर हा अधिकारी स्थानिक ज्यूरी बसवून मृत्यूचा दिवस, जमिनी व त्यांचे मूल्य, सेवेच्या अटी आणि सर्वांत जवळच्या वारसाचे नाव व वय नोंदवी. ही मालिका 1230 च्या दशकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालते. मुलगा नसल्यास मुली समान वाटेकरी होत; त्यामुळे अशा चौकशांत एका पिढीच्या सर्व बहिणी, त्यांचे पती व मृत बहिणींची मुले एकत्र आढळतात. वयाचे आकडे सावधपणे घ्यावेत. ‘21 वर्षे व अधिक’ याचा अर्थ वारस सज्ञान आहे, एवढाच. अज्ञान वारस मोठा झाल्यावर वयाचा पुरावा घेत, तेव्हा साक्षीदार ‘त्याच दिवशी माझ्या मुलीचे लग्न झाले’, ‘त्या दिवशी घोड्यावरून पडून माझा पाय मोडला’ असे सांगत. तीच ती कारणे निरनिराळ्या परगण्यांत आढळल्याने बरीचशी साक्ष साचेबंद असावी, अशी शंका विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतली गेली आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत जमीन विश्वस्तांच्या नावे करून ठेवण्याची प्रथा वाढली, तशा या चौकशा अपुऱ्या होत गेल्या : मृताच्या नावावर जमीनच नाही, असे ज्यूरी सांगे.

1290 च्या कायद्याने जमीन विकणाऱ्याने स्वतः मधला धनी होण्यास बंदी केली. त्यापूर्वीच्या काळात धारकांची उतरंड पाहिली, तर जमीन कोणी कोणाला दिली याचा क्रम उलगडतो. नंतरच्या हस्तांतरांची अशी खूण उरत नाही.

सामान्य कुळे. येथे साधने विरळ होतात. मॅनर न्यायालयांच्या उपलब्ध गुंडाळ्या 1240 च्या दशकापासून आहेत. वूस्टरशरजवळील हेल्सोएन व यॉर्कशरमधील वेकफील्ड येथील 1270 च्या दशकापासूनच्या मालिका विशेष समृद्ध. बांधील कूळ मेल्यावर धन्याने घेतलेले उत्तम जनावर व वारसाने भरलेली रक्कम यांवरून दोन पिढ्या जोडता येतात. परंतु चौदाव्या शतकातही एकच माणूस कधी बापाच्या, कधी धंद्याच्या, तर कधी घराच्या जागेच्या नावाने नोंदलेला असतो. 1348–49 च्या महामारीनंतर पुष्कळ जमिनी परक्यांकडे गेल्याने जमिनीचा धागाही सुटतो.

प्रादेशिक उणिवा. डूम्सडे पाहणीत डरॅम, नॉर्थंबरलंड तसेच लंडन व विंचेस्टर ही शहरे नाहीत. डरॅम, चेस्टर व (चौदाव्या शतकापासून) लँकेस्टर येथे स्वतंत्र न्यायव्यवस्था असल्याने तेथील चौकशा व तडजोडी वेगळ्या मालिकांत आहेत. केंटमध्ये मुलगे समान वाटेकरी होत व काही नगरांत धाकट्याला वारसा मिळे. तेथे थोरल्या मुलाच्या गृहीतावर रचलेली वंशावळ चुकते. मध्यवर्ती सरकारी अभिलेख क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून मरणोत्तर चौकशांच्या छापील गोषवाऱ्यांचा पहिला खंड 1904 मध्ये निघाला. बर्कलींच्या सनदा मात्र अद्याप बर्कलीच्या गढीतच आहेत.