कोणती फाइल कुणाच्या पोटात: डॉक्युमेंटेशन बिल्डची पार्श्वभूमी

१९७६च्या सुमारास बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ वाया गेली. बग त्यांनी आधीच काढला होता, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची (तिच्यावरून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा) राहिली आणि ते बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. त्यांचा त्रागा ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे फाइली पुन्हा बनवून देणारं साधन लिहिलं. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल, तर तयार फाइल पुन्हा बनवायची, एवढाच त्याचा नियम.

पण कोण कुणावर अवलंबून, हे मेकच्या नियमांच्या फाइलीत, म्हणजे मेकफाइलमध्ये, माणसालाच लिहावं लागे. एका फाइलीत दुसरी, दुसरीत तिसरी असं सुरू झालं की ही यादी हमखास शिळी होते. सी भाषेत यावर रास्त तोडगा निघाला: कंपायलर हेडर (कोडमध्ये ओढून घेतलेल्या फाइली) उघडतोच आहे, तर यादीही त्यानेच द्यावी. जीसीसी या कंपायलरचा ‘-एम’ पर्याय हेच करतो. लाटेक या दस्तऐवज जुळवणाऱ्या प्रणालीच्या बाजूला ‘-रेकॉर्डर’ लावला की उघडलेल्या प्रत्येक फाइलची नोंद होते आणि लाटेकएमके हे लाटेकच्या फाइली पुन्हा बनवणारं साधन ती वाचतं.

पायथनचं डॉक्युमेंटेशन लाटेकमधून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या स्वरूपावर आणताना गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं साधन लिहिलं; ते २००८मध्ये बाहेर आलं. तेही वाचता वाचताच नोंद ठेवतं. समजा, ‘इन्स्टॉल’ पानात ‘गरजा’ ही फाइल इन्क्लूड केली (आत ओढून घेतली) आणि तिच्यात ‘आवृत्ती’. मजकूर जागच्या जागी ओतला जात असल्यामुळे दोन्ही नावं ‘इन्स्टॉल’च्याच खात्यात पडतात. ‘आवृत्ती’ बदलली की ते पान पुन्हा वाचलं जातं. मात्र ही यादी सपाट असते. ‘आवृत्ती’ नेमकी कुणामार्फत आली, हे तिच्यावरून कळत नाही. माझ्या मते बिल्डपुरतं (पानं तयार करण्यापुरतं) ते पुरेसं आहे. (इन्क्लूड करायच्या फाइलीला ‘.आरएसटी’ एक्स्टेन्शन दिलं, तर स्फिंक्स तिला स्वतंत्र पानही समजतं आणि डुप्लिकेट लेबलच्या वॉर्निंग सुरू होतात. म्हणून बरेच जण ‘.इंक’ लिहितात.)

खरी गळती स्वतः लिहिलेल्या डिरेक्टिव्हमध्ये (स्फिंक्सला दिलेल्या खास आज्ञेत) असते. त्याने एखादी सीएसव्ही (तक्त्याची) फाइल थेट उघडली आणि अवलंबून फाइलींची नोंद करणाऱ्या ‘नोट_डिपेंडन्सी’ फंक्शनला कळवलंच नाही, तर सीएसव्ही बदलूनही पान जुनंच राहतं. सीआयवर (आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड सहसा रिकाम्या डिरेक्टरीतून होत असल्याने हा दोष तिथे दिसत नाही. तो फक्त लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर दिसतो, आणि तिथे स्फिंक्सला ‘-ई’ पर्याय देऊन सगळं नव्याने वाचायला लावलं की गायब होतो.